आत्याची स्कूटर आणि माझं तोंड

तुम्हाला वाटलं असेल, दिल्लीतला पोरगा स्कूटरवर लिहितोय म्हणजे आता सांगणार पेट्रोलची घ्यावी की बॅटरीची. एका चार्जिंगमध्ये किती पळते, लिटरला किती देते, सरकार किती सूट देतं, शेवटी एक टेबल आणि टेबलाखाली माझं मत. तसं असेल तर सॉरी हं. मला त्यातलं काही कळत नाही. मला फक्त स्कूटरचे आवाज काढता येतात. तोंडाने.

हसलात ना? म्हणजे आता तुम्हाला वाटतंय ही गमतीची गोष्ट आहे. निम्म्यापर्यंत आहे.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचा. शाळा जिल्हा परिषदेची. शाळेत मला बक्षीस कधी मिळालं नाही, पण एकदा मी अख्खी शाळा मधल्या सुट्टीतच सोडून दिली होती. मागच्या खिडकीखाली बसून हेडमास्तरांच्या आवाजात म्हणालो, "घंटा द्या हो, पोरं जाऊ द्या घरी." शिपायाने घंटा दिली, पोरं दप्तरं घेऊन पसार. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला झोडपलं, पण झोडपताना त्यांना हसू येत होतं. माझी गडबड तिथेच झाली. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं, की समोरचा हसला म्हणजे माफ झालं.

नोकरी नोएडाला लागली. फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि सॉरी म्हणायचं, असं काम. राहायला मयूर विहारला आत्याकडे. आत्या आणि काका, म्हणजे आत्याचे मिस्टर, दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत. लग्न झालं की लगेच इकडे आले आणि इकडचेच झाले. त्यांचा मुलगा बंगलोरला, त्याची खोली मला मिळाली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात बोलणं मराठीतच, पण मधूनमधून 'अच्छा' आणि 'बिल्कुल'. काका पालकाच्या जुडीला गड्डी म्हणतात आणि चूक दाखवली की म्हणतात, "चलो, पालक तर तोच आहे ना?"

रात्रीच्या जेवणाला माझा कार्यक्रम ठरलेला. मेट्रोतली अनाउन्समेंटवाली बाई, सकाळचा कबाडीवाला, काकांचे साहेब. साहेबांना मी कधी पाहिलं नव्हतं, काका जसं सांगायचे तसा आवाज काढायचो, आणि काका म्हणायचे, "सेम आहे यार!" पण सगळ्यात हिट आयटम म्हणजे काकांची स्कूटर.

ही स्कूटर चालू करायच्या आधी काका तिला एका बाजूला झुकवायचे. झुकवून काय होतं ते त्यांनाही माहीत नाही. मग बटण, खिर्रर्र, खिर्रर्र. मग एक हिंदी शिवी, छोटीशी. मग किक, किक, अजून एक किक, आणि भुर्रर्र. यमुनेच्या पुलाचा चढ आला की तिचा जीव जायचा, फट्... फट्... आणि ती मरायला टेकली की काका स्वतःलाच ओरडायचे, "रेस दे, रेस दे!" मी हे सगळं ताटावर बसून करायचो. आत्या इतकी हसायची की तिला पदराने डोळे पुसावे लागायचे. "हेच रे हेच," म्हणायची, "मी मागे बसून हेच ऐकत आलेय आयुष्यभर."

तर त्या स्कूटरला पंधरा वर्षं पूर्ण होत आली. दिल्लीत पेट्रोलची गाडी पंधराची झाली की तिचा खेळ खलास, रस्त्यावर दिसली तर उचलून नेतात. नवी घ्यावी लागणार हे नक्की होतं. आणि एका रात्री जेवताना आत्याने भाताचा चमचा पातेल्यात ठेवला आणि म्हणाली, "या वेळी गाडी माझी. मी चालवणार."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मीच आत्याचा आवाज काढला की काय, असं त्यांना वाटलं असावं.

आत्याचं असं होतं, की सकाळी काका तिला मेट्रो स्टेशनपर्यंत सोडायचे आणि संध्याकाळी परत न्यायला यायचे. सकाळ वेळेवर व्हायची. संध्याकाळी काकांना ऑफिसात कोणीतरी अडकवायचं, आणि आत्या स्टेशनच्या गेटपाशी डबा, पर्स आणि भाजीची पिशवी घेऊन उभी. रिक्षा करून जावं तर काका तिकडून निघालेले असायचे. अशी किती वर्षं उभी होती कोण जाणे. आणि दुसरी गोष्ट जयंतीची. आमच्या लोकांत नवी गाडी दसऱ्याला-पाडव्याला येत नाही, जयंतीला येते, हँडलला निळा झेंडा लावून. दिल्लीतले आपले सगळे त्या दिवशी एका हॉलमध्ये जमतात. आत्या दर वर्षी पांढऱ्या साडीच्या निऱ्या मुठीत धरून काकांच्या मागे बसून जायची. "यंदा मी माझी मी येणार," तिने म्हणे ऑफिसातल्या मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं.

आता खरा वाद. आत्याला बॅटरीची हवी होती. काकांना पेट्रोलची.

"बॅटरी संपली रस्त्यात, तर?" काका म्हणाले. "ढकलत आणणार तू?"

"तुमची पेट्रोलची आपण ढकलत नाही आणली का? राजघाटापासून?"

"ती एकदाच."

"तीनदा."

"अच्छा, चार्जिंग कुठे करणार? तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडणार? वॉशिंग मशीनसारखी?"

"बॅटरी निघते तिची. वर आणायची, रात्रभर लावायची."

"वर कोण आणणार?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच हमालाच्या आवाजात "साइड दो, साइड दो" केलं. आत्या हसली. काका नाही हसले. "थंडीत बॅटरी बसते," ते म्हणाले. आत्या म्हणाली, "थंडीत तुमची किक पण बसते. आणि नोव्हेंबरात या घरात तिघं खोकतो, तो धूर कुठून येतो? मला ती फटफट नकोच आता. मला शांत गाडी हवी." मग म्हणाली, "आणि किक नकोय मला. तुम्ही झुकवता तशी मला झुकवता येत नाही."

वाद तिथेच राहिला. पण आत्या ऐकणारी नव्हती. आमच्या खाली तळमजल्यावर एक पंजाबी आंटी राहतात. त्यांच्याकडे बॅटरीची स्कूटर होती, खिडकीच्या ग्रिलमधून वायर काढून चार्ज करायच्या. त्यांची मुलगी त्यावर कॉलेजला जायची. आत्याने त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ले जाओ जी, पूछना क्या! लड़की संडे को बारह बजे तक उठती नहीं है." अशी रविवारी सकाळी सोसायटीच्या मागच्या गल्लीत आत्याची शिकवणी सुरू झाली. शिकवणारा मी. काका आले नाहीत, पण बाल्कनीतून बघायचे. पेपर हातात धरून.

आत्याने लग्नानंतर काकांच्या तेव्हाच्या जुन्या स्कूटरवर थोडंफार शिकलेलं होतं. म्हणजे तोल होता, ब्रेक माहीत होता. अडचण एकच झाली. गाडीला आवाजच नाही.

"चालू आहे का ही?" ती विचारायची.

"चालू आहे आत्या."

"मग काही म्हणत का नाही?"

पहिल्या रविवारी ती दोनदा उतरली, गाडी बंद आहे असं समजून. मग सुटली तर कळेना किती जोरात चाललीय. काटा बघायला खाली पाहायची आणि समोरचं दिसायचं नाही. घरी येऊन सोफ्यावर बसली. म्हणाली, "कानाला कळल्याशिवाय मला हातातलं कळत नाही रे. पेट्रोलचीच घ्यावी लागणार बहुतेक."

मला फार वाईट वाटलं, हे मी खरंच सांगतोय. आणि मला एक आयडियाही सुचली, हेही खरं. वाईट वाटणं आणि आयडिया सुचणं माझ्याकडे एकदमच होतं.

पुढच्या रविवारी मी मागे बसलो, हेल्मेटची काच खाली घेतली आणि हात पुढे घालून दिव्याजवळचं कुठलंतरी बटण दाबल्यासारखं केलं. "आत्या, यात साउंड मोड असतो. स्पीकरमधून आवाज येतो, इंजिनसारखा. आजकाल नव्या गाड्यांना देतात."

"खरंच?"

"चालवून तर बघ."

तिने मूठ पिळली, आणि मी सुरू केलं. काकांच्या स्कूटरचा आवाज नाही, तिची एखादी तरुण, सुशिक्षित बहीण असावी तसा. बारीक भुर्र. माझी नजर आत्याच्या उजव्या मनगटावर. मनगट वळलं की आवाज वर, सैल झालं की खाली. ब्रेकला थोडं घर्रर्र. तुम्ही करून बघा, दम लागतो. पण आत्याची पाठ मला समोर दिसत होती, आणि तिचे आवळलेले खांदे हळूहळू खाली आले. गल्लीच्या टोकाला तिने गाडी वळवली आणि ओरडली, "अरे, जमतंय की!"

मला त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण ती इतकी खूश होती. आणि मी पण. एवढा मोठा आवाज मी कधी काढला नव्हता, आणि एवढा मोठा टाळीचा क्षण पुढे वाट बघत होता. कारण एक ना एक दिवस मी सांगणार होतो, "आत्या, तो स्पीकर मीच," आणि ती डोळे पुसत हसणार होती, आणि हे पुढची कित्येक वर्षं प्रत्येक पाहुण्याला सांगितलं जाणार होतं. असं माझं चित्र.

दोन-तीन रविवार असेच गेले. आत्या गल्लीतल्या गायीला वळसा घालायला शिकली, स्पीडब्रेकरवर हळू करायला शिकली. काकांनी बाल्कनीतला पेपर खाली ठेवला होता. एकदा मला हळूच म्हणाले, "बरी चालवतेय ना?" मी म्हटलं, "एकदम." ते म्हणाले, "घेऊ मग तीच. मी काय, मागे बसेन." आणि स्वतःच हसले.

मग तो रविवार. आत्याने पाय न टेकता गाडी पूर्ण वळवली, थांबवली आणि म्हणाली, "तू उतर आता. मी एकटी जाऊन बघते."

मी उतरलो की आवाज बंद. म्हणजे आजच सांगावं लागणार होतं. मी म्हटलं, "एक राउंड अजून, मग एकटी जा." मनात ठरवलं, शेवट झकास करू. गल्लीच्या मधोमध साउंड मोडला काकांच्या स्कूटरचं मरण द्यायचं. फट्, फट्, फुस्स. ती वळून बघेल, मी काच वर करेन, आणि मग हशा.

गल्लीत प्रेसवाल्याचं टेबल असतं, कडुनिंबाखाली. सोसायटीतले सगळे कपडे त्याच्याकडे इस्त्रीला. आम्ही त्याच्या थोडे अलीकडे होतो. मी सुरू केलं. फट्... फट्...

आता हे लिहितानाही माझा कान गरम होतो. मी सगळ्याचा विचार केला होता, आत्या कशी हसेल याचासुद्धा. एकाच गोष्टीचा केला नव्हता, की हा आवाज ऐकला की या घरातली माणसं काय करतात. इतकी वर्षं तिने मागे बसून तेच ऐकलं होतं. गाडी मरायला टेकली की रेस दे. तिच्या हाताने डोक्याला विचारलंच नाही. तिने पूर्ण मूठ पिळली.

पेट्रोलची गाडी असती तर खोकली असती, मग कुरकुरत निघाली असती. ही तशी नसते. ही सुटते. मी मागच्या मागे रस्त्यावर बसलो, आणि माझ्या डोळ्यांसमोर आत्या सरळ प्रेसवाल्याच्या टेबलात गेली.

नशीब, त्याने इस्त्रीत अजून कोळसे टाकले नव्हते. टेबल आडवं, गाडी आडवी, आणि आत्या सोसायटीतल्या लोकांच्या घडी केलेल्या कपड्यांत बसलेली. काकांचा निळा शर्ट तिच्या मांडीवर होता. डावा हात तिने उजव्या हातात धरला होता. मी धावत गेलो. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बंद पडली रे ती. आणि मग एकदम पळाली."

मी म्हणालो, "हो."

एवढंच. बाकी सगळं त्या 'हो'च्या मागून आलं.

डाव्या मनगटाला बारीक चीर होती. प्लास्टर घातलं. हॉस्पिटलच्या बाकावर काका म्हणाले, "बॅटरीच्या गाडीचा भरोसाच नाही," आणि आत्याने नेहमीसारखं उलट उत्तर दिलं नाही. घरी जो भेटायला येईल त्याला हीच गोष्ट. गाडी आधी फटफट करून बंद पडली, मग आपोआप पळाली. ऐकणारा मान हलवायचा. कोणीतरी कुठल्यातरी बॅटरीने पेट घेतल्याचं सांगायचा. मी पाण्याचे ग्लास द्यायचो.

मी कामं करायला लागलो. कणीक मळली, भांडी घासली, आत्याचा डबा भरला. काका तिची वेणी घालायचे, ती कानामागून सुटायची, आणि ती तशीच ऑफिसला जायची. सगळे म्हणाले, पोरगा किती करतो बघा. त्या कौतुकाने तर मला जेवण जाईना. शेजारी म्हणायचे, "भतीजा हो तो ऐसा," आणि मला वाटायचं तिसऱ्या मजल्यावरून वायरसारखं खाली सोडून द्यावं स्वतःला.

सांगायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. एका सकाळी चहा गाळताना म्हटलं, "आत्या, तुला एक सांगायचंय." ती खुर्चीत बसली होती. म्हणाली, "त्या मेट्रोवालीच्या आवाजात सांग. जरा हसू तरी येऊ दे." आणि मी काय केलं? मी "अगला स्टेशन" केलं. दरवाजे डावीकडे उघडले, उजवीकडे उघडले. ती हसली. मी चहा दिला आणि ऑफिसला निघून गेलो. दिवसभर फोनवर अनोळखी लोकांना सॉरी म्हणत बसलो, तेही माझी चूक नसताना.

पण सगळ्यात वाईट ते नव्हतं. एकदा मी खोलीतून बाहेर आलो, तर आत्या सोफ्यावर एकटीच होती. तिने उजवा हात समोर धरला होता, पंजा उघडा, आणि त्याच्याकडे बघत होती. थरथरतो का ते. मग तिने सोफ्याच्या हाताची कड मुठीत धरली आणि हळूच पिळली. सोडली. पुन्हा पिळली. माझी चाहूल लागली तसा हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, "वय झालं रे आता. डॉक्टर म्हणाले नाहीत, पण मला कळतं. गाडी बंद पडली, ठीक आहे. पण मी एवढी का पिळली?"

त्याच आठवड्यात काकांनी पेट्रोलच्या स्कूटरची माहितीपत्रकं आणली. टेबलावर पसरली. "रंग तू निवड," म्हणाले, मायेने. आत्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "तुम्हाला हवा तो घ्या. मी काय, मागेच बसणार आहे."

रविवारी सकाळी काका बुकिंगला निघाले. शर्ट घातला, चष्मा लावला, आणि बेल वाजली. खालच्या आंटी. हातात गाजर हलव्याचा डबा. मी त्या दोघींना इतके दिवस एकत्र बसू दिलं नव्हतं. आंटी वर येतायत असं दिसलं की मीच खाली जाऊन "आत्या झोपलीय" सांगायचो. त्या दिवशी मी कुकर लावत होतो.

आंटी बसल्या, प्लास्टरला हात लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "मैं तो माफी माँगने आई हूँ. स्कूटी बेच रही हूँ. एक डीलर आज शाम को ले जाएगा."

"अरे, क्यों?" आत्या म्हणाली.

"सर्विस वालों को दिखाई. बोले सब ठीक है, बंद होने का सवाल ही नहीं. कंपनी वाले तो यही बोलेंगे ना! आपके साथ हुआ, कल मेरी लड़की के साथ हो जाए तो? बस से जाएगी अब. रो रही है, रोने दो."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा. कुकरची शिट्टी झाली, मी बंद करायला गेलो नाही.

"आवाज कैसी आई थी बंद होते टाइम?" आंटींनी विचारलं.

"वही, फट् फट् करके. वो साउंड मोड था ना, उसमें से."

"कौन सा साउंड मोड?"

"अरे वो स्पीकर. आगे बटन है ना, लाइट के पास."

"वो तो हॉर्न है जी. हमारी में कोई स्पीकर-वीकर नहीं है."

आत्या पुढे काही बोलणार होती, ती थांबली. मग तिने मान वळवली. सावकाश. काकांनीही वळवली. आंटींना काही कळलं नव्हतं, पण सगळे बघतायत म्हणून त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. दुसरी शिट्टी झाली.

काका म्हणाले, "काढ."

"काका..."

"काढ आवाज. तोच."

मी तोंड उघडलं. एवढी वर्षं आवाज काढतोय, पण इतका रद्दी आवाज कधी निघाला नाही. फट्... फट्... शेवटचं फुस्स तर नुसताच श्वास होता. पण पुरे होतं. सोफ्यावर, मी बघितलं, आत्याचं उजवं मनगट आपोआप वळलं.

आंटी म्हणाल्या, "हाय राम, ये लड़का था?"

आणि काका हसले. त्यांना आवरलंच नाही. चष्मा काढला, पोट धरलं, "स्पीकर," म्हणाले, "अरे यार, स्पीकर!" आणि मला, खोटं कशाला सांगू, अर्धा क्षण बरं वाटलं. हेडमास्तर हसले होते तसंच. वाटलं, सुटलो.

"हसू नका तुम्ही," आत्या म्हणाली.

काका थांबले.

आत्या मराठीत रागावते ती दिल्लीची मराठी असते, 'बिल्कुल'वाली. त्या दिवशी ती आमच्या गावची बोलली. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून ती ऐकली नव्हती.

"काऊन बे, तुले मीच भेटली होती काय?" ती म्हणाली. "पडली त्याचं काही नाही. लहान लेकरू पडते, म्हातारी पडते, मीबी पडली. पण मी तुले इचारलं होतं. रस्त्यावर बसून इचारलं होतं, बंद पडली का म्हणून. तू हो म्हटलं."

"आत्या, मी सांगणार होतो..."

"चूप. कोणाच्या आवाजात सांगणार होता? मेट्रोवालीच्या?" तिचा आवाज चढला. "मी इतके दिवस माह्या हाताले दोष देऊन रायली. माह्या वयाले दोष देऊन रायली. ऑफिसात सांगून आली, बाई, आता नाही होत आपल्याच्यानं. तू समोर बसून जेवत होता ना रे? पोळी वाढत होता मले. एका तोंडानं म्हणता नाही आलं, का आत्या, तुह्या हाताले काही नाही झालं, तुले येते गाडी?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"आन तुम्ही," ती काकांकडे वळली, "शर्ट काढा तो. कोठी जाऊ नका. प्लास्टर निघू द्या, मंग मी जाईन आन माह्या हातानं पाहीन कोणती घ्यायची थे." मग आंटींना हिंदीत, "गाड़ी बिल्कुल मत बेचना. उसकी कोई गलती नहीं है," आणि परत माझ्याकडे, बोट दाखवून. "जा. आधी कुकर बंद कर. मंग खाली जा, त्या पोरीले उठव आन तिले सांग, तिची गाडी चांगली हाय, बिघडेल तू हाय. सरळ सांग, कोणाची नक्कल नको करू. आन रडू नको आता. थे बी तुह्यं खरं हाय का खोटं, मले काय माहीत."